डॉड इमरीचा डूख

डॉड इमरीला गोल मारताना पाहिलेले बरेचसे लोक आता आमच्या चर्चमागच्या टेकडीवर कायमचे झोपलेत, आणि जे उरलेत त्यांना त्याचं नाव काढलेलं खपत नाही. पोर्टलेननच्या कुठल्याही पबात आज 'इमरी' म्हटलं तर ग्लास पुसणारा हात थांबतो. एवढी अढी आमच्या गावाने खुन्याबद्दलही धरली नाही. गावात एक खुनी होऊन गेलाय, पण त्याच्याबद्दल लोक हळहळून बोलतात. मेलेला शेजारीच तसा होता, म्हणतात.

डॉड हा विल इमरीचा थोरला मुलगा. विल होडीवर, आई आयना मासे धुरावणाऱ्या भट्टीवर; घराला, कपड्यांना, शाळेच्या दप्तराला तोच धुरकट वास. पोरं संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर फुटबॉल खेळायची, आणि नियम असा की ज्याच्या पायाने चेंडू समुद्रात जाईल त्यानेच उडी मारून तो आणायचा. आमच्या समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. डॉडचा नेम बसला तो या भीतीने. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं बसवायच्या कामाला लागला. शनिवारी दुपारी बापाबरोबर लेनन थिसलच्या गोलमागे उभं राहायचं, खारा वारा खायचा आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, यापलीकडे त्याला काही नको होतं.

थिसल म्हणजे आमचा क्लब. लीगच्या सगळ्यात खालच्या विभागात जन्मला आणि तिथेच म्हातारा झाला. त्याचा त्या वेळचा मॅनेजर कॉलिन रॅट्रे. गावातला कोळशाचा व्यापारी, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा. थाळी पुढे आली की लोक मान खाली घालायचे, कारण रॅट्रे कोण किती टाकतो ते बघायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. खालच्या विभागातला क्लब नव्या पोराला करार न करता तीन सामने खेळवून बघू शकतो. तोवर त्याचं नाव कुठेही येत नाही. पंचाच्या कागदावर, मैदानाच्या कर्ण्यावर, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, सगळीकडे नुसतं 'चाचणीवाला'. पोरगं चांगलं निघालं तर दुसऱ्या क्लबाने उचलू नये म्हणून ही लपवाछपवी. तीन सामने झाले की करार करायचा, नाहीतर सोडून द्यायचं.

रॅट्रेने डॉडला धक्क्यावर खेळताना पाहिलं आणि बोलावलं. पहिल्या सामन्यात डॉडने एक गोल मारला, दुसऱ्यात दोन. कर्ण्यावरच्या म्हाताऱ्याने सर्दट आवाजात "गोल, नऊ नंबर, चाचणीवाला" असं पुकारलं की अख्खं मैदान हसायचं. अरे चाचणीवाला काय, विलचा डॉड आहे तो! विल गोलमागे उभा राहून डोळे पुसायचा आणि वाऱ्यामुळे पाणी येतं म्हणायचा. दुसऱ्या सामन्यानंतर रॅट्रेने डॉडच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की शनिवारचा तिसरा सामना होऊ दे, सोमवारी दुकानात ये, सही करून टाकू.

तिसऱ्या सामन्यात समोरच्या बचावपटूने डॉडचा पाय मोडला. नडगी अशी मोडली की आवाज खिम्याची पाई विकणाऱ्या बाईपर्यंत गेला, आणि तिने हातातला डाव खाली टाकला.

प्लॅस्टर घालून, कुबड्या घेऊन डॉड बापाबरोबर कोळशाच्या दुकानात गेला तेव्हा बरेच आठवडे उलटले होते. दुकानात गिऱ्हाइकं होती. छपरावरचं काम गेलं होतं, कारण लंगड्या माणसाला कोण छपरावर चढवणार? क्लबच्या खेळाडूला दुखापत झाली तर विमा असतो, थोडीफार मदत मिळते, तेवढी मिळावी एवढंच विलचं म्हणणं. रॅट्रेने शांतपणे ऐकून घेतलं. हात झटकले.

"विल, तुझ्या पोराचं वाईट वाटतं मला," तो म्हणाला. "पण तो आमचा खेळाडू नव्हता. कागदावर बघ. चाचणीवाला होता, आणि चाचणीवाला म्हणजे कुणी नाही."

डॉडला वाटलं, बाप आता काहीतरी बोलेल. निदान एक कोळशाचं पोतं तरी लाथेने उडवेल. विलने डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाला, "बरं, साहेब." मग गिऱ्हाइकांना वाट करून देत बाहेर पडला. पाय मोडल्याचं दुःख डॉड विसरला असता, पुढे विसरलाही. पण ती काढलेली टोपी आणि ते 'बरं' त्याच्या छातीत घुसलं ते घुसलंच. त्या दिवशी त्याने डूख धरला. साप डूख धरतो म्हणतात, पण साप आपला सहा-बारा महिन्यांनी विसरत असेल. डॉड स्कॉटिश होता.

पाय जुळायला वर्ष गेलं. डॉड पहाटेच्या गारठ्यात ओल्या वाळूवर चालायचा, मग पळायचा, मग खांद्यावर दगड घेऊन पळायचा. आई म्हणायची, हा बरा होतोय. बरा कसला होतोय, आतून कुढत होता. पुढे डोंगरातल्या एका खेड्याच्या क्लबाने त्याला घेतलं, तिथून इंग्लंडच्या खालच्या विभागात, आणि मग पाय फुटले ते थांबलेच नाहीत. केपटाऊन, हाँगकाँग, माल्टा, कॅनडा, आइसलँड. दोन हंगामांहून जास्त तो कुठे टिकला नाही. खेळ चोख, पण जीभ तिखट आणि नाकावर राग. कुणाशी ना कुणाशी वाजायचंच, आणि वाजलं की डॉड बॅग भरायचा.

माल्टामध्ये कर्ण्यावरच्या माणसाने त्याचं नाव चुकीचं पुकारलं. डॉड गोल मारून सोबत्यांच्या मिठ्या सोडवत थेट त्या माणसाच्या खोलीत जिना चढून गेला आणि त्याच्याकडून नाव बरोबर म्हणवून घेतलं. पंचाने पिवळं कार्ड दाखवलं. डॉड हाँगकाँगमध्ये असताना विल वारला. डॉडला वेळेवर पोचता आलं नाही, आणि त्याचाही दोष त्याने रॅट्रेच्याच खात्यावर टाकला. आइसलँडला त्याने लग्न केलं. बायको सिग्रून, नर्स, समजूतदार बाई. चार-पाच वर्षं तिने सोसलं, मग म्हणाली, की माझ्या सासऱ्याला मी कधी पाहिलं नाही आणि त्या रॅट्रेलाही नाही, पण झोपेत तू ज्याच्याशी बोलतोस तो रॅट्रे मला सासऱ्यापेक्षा जास्त माहीत झालाय. आता तुम्ही दोघंच नांदा. डॉडने तिला अडवलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

खेळणं संपल्यावर तो मॅनेजर झाला आणि चांगला झाला. पडलेले संघ उचलायचा. एका गोष्टीत मात्र अडून बसायचा: आपल्या संघात चाचणीवाला खेळवायचा नाही. ज्याला खेळवायचं त्याच्याशी आधी करार, आणि नाव कर्ण्यावर पूर्ण, आडनावासकट. मालक लोक कपाळाला हात लावायचे.

पन्नाशीला आलेल्या डॉडला कॅनडातून चांगलं बोलावणं होतं. ते नाकारून तो इन्व्हरकेर्नचा मॅनेजर झाला तेव्हा लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. इन्व्हरकेर्न म्हणजे आमच्या किनाऱ्यावर थोडं वर असलेलं गाव, क्लब आमच्यासारखाच भणंग. पण तो थिसलच्याच विभागात होता, आणि डॉडला तेवढंच हवं होतं.

रॅट्रे आता थिसलचा अध्यक्ष होता. सत्तरी ओलांडलेला, कोळशाचा धंदा बंद झालेला, बायको गेलेली. एकच इच्छा उरली होती: मरायच्या आधी थिसल एकदा तरी वरच्या विभागात गेलेला बघायचा. वर गेलो की समुद्राच्या बाजूला प्रेक्षकांसाठी नवी बैठक बांधायची आणि तिला रॅट्रेचं नाव द्यायचं, असं मंडळाने ठरवलंही होतं.

पहिल्याच हंगामात डॉडच्या संघाने थिसलला त्यांच्याच मैदानावर तीन-शून्य धुतलं. सामना संपल्यावर रॅट्रे काठी टेकत आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "अभिनंदन, डॉड." नाव घेऊन. जसं काही नेहमीच घेत आला होता. डॉडने हात मिळवला आणि गाडीत बसल्यावर तो हात पँटला पुसला. तीन गोलांनी त्याचं काही भागलं नव्हतं. उपाशी माणसाला शेजारच्या स्वयंपाकाचा वास यावा तसं झालं. म्हाताऱ्याला हरवून उपयोग नाही, हरायची त्याला जन्मभराची सवय आहे. त्याला जिंकायला आल्यावर खाली खेचलं पाहिजे, हे डॉडला तेव्हा कळलं.

पोर्टलेननमध्ये डॉडची बहीण नेट्टा राहायची. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, महिना-महिना बाहेर. दर रविवारी डॉड तिच्याकडे जेवायला जायचा. मसुराचं सूप, खिमा आणि उकडलेले बटाटे, आणि नेट्टाची बोलणी. साऱ्या जगात डॉडला कुणाचा लळा असेल तर तो नेट्टाच्या मुलाचा, स्ट्रुअनचा. स्ट्रुअन लॉकी, बावीस वर्षांचा, लाकूड वखारीत सुतारकाम करणारा. चालायचा हुबेहूब आजोबांसारखा, डावा खांदा थोडा पुढे काढून. डॉड त्याला वाळूवर पळवायचा, दोन्ही पायांनी मारायला शिकवायचा. पोरगंही मामा-मामा करत मागे असायचं. डॉडने त्याला इन्व्हरकेर्नला बोलावलं होतं, पण स्ट्रुअन म्हणाला, नको, मामाच्या संघात घेतलं की लोक म्हणतील वशिला. आणि खेळलो तर थिसलकडून खेळणार, आजोबा तिथेच उभे राहायचे ना?

पुढच्या हंगामात, हिवाळ्याच्या सुरुवातीला स्ट्रुअन थिसलकडून चाचणीवाला म्हणून खेळला. तीन सामने. रॅट्रेने पाठ थोपटली, पुढे बघू म्हणाला आणि घरी पाठवलं. डॉडने दात-ओठ खाल्ले, पण पोराचे पाय शाबूत होते, म्हणून गप्प बसला.

मार्च उजाडला तेव्हा थिसल विभागात पहिल्या नंबरावर. कुणाचा विश्वास बसत नव्हता. चर्चमधले पाद्रीबाबासुद्धा प्रार्थनेत आडून आडून गोलफरकाचा उल्लेख करायला लागले. आणि नेमका तेव्हाच थिसलच्या नऊ नंबरचा घोटा मुरगळला.

त्यानंतरच्या रविवारी नेट्टाकडे सूप वाढलं जात होतं. स्ट्रुअन खाली आला तर त्याची दाढी गायब. लालसर, भरघोस दाढी होती पोराची, गावात ओळख होती ती त्याची. डॉडने विचारलं, प्रेमात पडलास की काय. स्ट्रुअन हसला आणि त्याला राहवलं नाही.

"काल मी खेळलो, मामा. विजयाचा गोल माझा."

"थिसलकडून? करार झाला?"

"नाही अजून. चाचणीवाला म्हणूनच. रॅट्रे साहेब म्हणाले, दाढी काढ, आणि नवा म्हणून उतर. पंचाला काय कळतंय?"

नेट्टाने टेबलाखालून पोराच्या पायावर लाथ मारली, पण तोवर गुपित पिशवीतल्या मांजरासारखं बाहेर पडून सूप पीत बसलं होतं. चौथा सामना. तीनच्या वर एकही चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शनिवारी मैदानात चारेकशे माणसं होती. पाद्री होते, पोलीस होता, शाळेचे हेडमास्तर होते, आणि ज्याने स्वतःच्या हाताने दाढी भादरली तो टॉश न्हावी होता. सगळ्यांनी विलच्या नातवाला ओळखलं, आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला वर जायचं होतं.

"हे या घराच्या बाहेर जाता कामा नये, डॉड," नेट्टा म्हणाली.

डॉडने स्ट्रुअनला विचारलं, की करार कधी करणार म्हणतोय तो.

"हंगाम संपला की. त्यांनी शब्द दिलाय."

"उद्या सकाळी जा आणि सही मागून घे. नाही म्हणाला तर पुढच्या शनिवारी बूट घालू नकोस."

"तुझं आपलं तेच, मामा. तीस वर्षं झाली. म्हातारा झालाय तो आता."

डॉडने बटाटे खाल्ले, बशी धुऊन ठेवली, बहिणीच्या गालाला गाल लावला आणि गाडीत बसला. समुद्रावरून धुकं आत आलं होतं, रस्ता दिसत नव्हता, आणि डॉडच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. इतकी वर्षं जे शोधत तो अर्धं जग हिंडला ते त्याच्या बहिणीने सुपाबरोबर पुढ्यात वाढलं होतं.

सोमवारी सकाळी त्याने फुटबॉल संघटनेच्या कचेरीत फोन लावला. तिकडचा बाबू सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की साहेब, थिसलने एक चाचणीवाला चौथ्यांदा खेळवला असं तुम्ही म्हणता, पण कागदावर तर चारही वेळा नुसतं चाचणीवाला लिहिलंय. वेगवेगळे चौघे असतील. तो एकच माणूस होता हे दाखवायचं तर त्याचं नाव लागेल. नाव नसेल तर तक्रार उभी राहत नाही.

डॉडने स्वतःला समजावलं, की हे पोराच्या भल्याचंच आहे. रॅट्रे त्याला वापरून फेकून देणार, त्याआधी आपणच सोडवू. पोराला फार तर दोन-चार सामन्यांची शिक्षा होईल, मग आपण त्याला इन्व्हरकेर्नला घेऊ, वाजतगाजत करार करू. माणूस स्वतःशी जितकं सफाईने खोटं बोलतो तितकं दुसऱ्याशी बोलायला त्याला जमत नाही. खरं कारण एकच होतं. खुर्चीतून घसरणारा रॅट्रे त्याला डोळ्यांपुढे दिसत होता, आणि त्या दृश्यापुढे बाकी सगळं फिकं होतं.

"स्ट्रुअन लॉकी," तो म्हणाला. मग सवयीने परत एकदा, सावकाश, आडनाव नीट कळेल असं.

सुनावणी झाली. लांब टेबल, पाण्याचे जग, आणि भिंतीलगत खुर्च्यांवर आमच्या गावातले बरेच लोक. रॅट्रे उठला, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, की या मुलाने आधीचे सामने खेळल्याचं आमच्यापासून लपवलं. दाढी काढून आला होता, मला म्हाताऱ्याला दिसतंही कमी. आम्ही फसलो. हे बोलताना त्याचा आवाजसुद्धा कापला नाही. स्ट्रुअन उभा राहून मागे वळला आणि गावातल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेला. टॉश न्हाव्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. टॉश आपली नखं बघत होता. पोलीस छताकडे बघत होता. कुणी एक अक्षर काढलं नाही, कारण तो गुन्हा क्लबाचा ठरला तर शिक्षा वाढणार होती, आणि एका पोराचा ठरला तर कदाचित कमी.

कमी झाली नाही. थिसलचे गुण कापले गेले, वर जाणं गेलं, बैठक कागदावरच राहिली. स्ट्रुअनला पुढचा पूर्ण हंगाम बंदी. तक्रार कुणाची होती हेही तिथेच वाचून दाखवलं. स्ट्रुअन तेव्हा पहिल्यांदा कोपऱ्यात बसलेल्या डॉडकडे बघायला लागला.

बाहेर जिन्यात डॉड मुद्दाम थांबला. तीस वर्षं त्याने हा क्षण घोळवला होता, काय बोलायचं तेही पाठ होतं: रॅट्रे, कागदावर बघ. रॅट्रे एकेक पायरी टेकत खाली आला. चेहरा राखेसारखा झाला होता. डॉडने तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"तू एक दिवस येणार हे मला माहीत होतं. मैदानावर येशील असं वाटलं होतं, फार तर माझ्या घरी. माझं काय व्हायचं ते होऊ दे असं म्हणून मी बसलो होतो." त्याने श्वास घेतला. "पण मी परक्याचं पोर मोडलं, डॉड. बहिणीचं नाही."

आणि तो काठी आपटत निघून गेला. डॉडचं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

तरीही खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन दिवस डॉडने सुख भोगलं. आमच्यापैकी कुणी हे कबूल करत नाही, पण सूड गोड असतो. तो गाडीत गाणी म्हणायचा. रॅट्रेने अध्यक्षपद सोडलं ही बातमी पेपरात आली तेव्हा त्याने दोन प्रती घेतल्या. बापाच्या कबरीवर जाऊन उभा राहिला आणि सांगितलं, की झालं. विल जिवंत असता तर काय म्हणाला असता, याचा विचार डॉडच्या मनात तिथे पहिल्यांदा आला, आणि तो घाईने परत फिरला.

मग नेट्टाचा फोन आला. ती रडत नव्हती. वखारीतून पोराला काढलंय, ती म्हणाली, मालक थिसलच्या मंडळावर आहे. दारात कुणीतरी माशांची आतडी टाकून गेलं. गाव म्हणतंय, स्ट्रुअनने तोंड उघडलं म्हणून थिसल बुडाला. डॉडने मध्ये बोलायला बघितलं तर म्हणाली, "आईने तुझ्या पायासाठी नवस केले होते. मला वाटायचं, देवाने पाय दिला, पुढचं माणूस शिकतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, डॉड. रविवारी येऊ नकोस."

स्ट्रुअन न्यूझीलंडला जाणार हे डॉडला इन्व्हरकेर्नच्या एका खेळाडूकडून कळलं. तिकडे सुतारकाम होतं आणि गावात एक क्लब. तो निघायच्या दिवशी डॉड पोर्टलेननच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला, मासे तळणाऱ्या दुकानासमोर. लोक त्याला वळसा घालून जात होते. स्ट्रुअन आला, एका खांद्यावर हत्यारांची पिशवी, दुसऱ्यावर बुटांची. दाढी पुन्हा वाढायला लागली होती.

डॉडने काय काय सांगितलं. की चूक झाली. की बंदी संपली की इन्व्हरकेर्नला ये, करार तयार आहे. की शिव्या दे, हात उचल, इथे सगळ्यांसमोर उचल, मी हलणार नाही. स्ट्रुअनने सगळं ऐकून घेतलं. तो चिडलेला नव्हता. त्याने पिशवी खांद्यावर नीट केली.

"तू अजून किती वर्षं मॅनेजर राहशील, मामा?"

"का रे?"

"मला परत यायला वेळ लागेल. दहा वर्षं लागतील, जास्तही लागतील. तोवर खुर्ची सोडू नकोस." बस आली होती. त्याने एक पाय पायरीवर ठेवला. "आणि तब्येत सांभाळ."

पोराने हे अगदी मायेने सांगितलं. थांब्यावर उभ्या एका बाईला ऐकून वाटलं, किती गुणाचा भाचा. डॉडने मात्र तो सूर ओळखला, कारण तो आवाज त्याने स्वतःच्या छातीत तीस वर्षं ऐकला होता. एका पोराला लहानपणापासून त्याने दोन्ही पायांनी मारायला शिकवलं होतं, आणि उरलेलं आता शिकवून झालं होतं.

याला बरीच वर्षं झाली. रॅट्रे कधीच गेला. डॉड अजून इन्व्हरकेर्नला आहे. गुडघे संपलेत, मंडळाने त्याला दोनदा मानाने घरी बसायला सांगितलं, पण तो हटत नाही. सिगारेट सोडली, व्हिस्की सोडली, भर हिवाळ्यातही पहाटे काठी घेऊन ओल्या वाळूवर चालतो. लोक हसतात, म्हणतात म्हाताऱ्याला खुर्चीचा काय मोह. मोह नाही. त्या पोराला त्याने दुसरं काही द्यायचं ठेवलं नाही. तो येईल तेव्हा हरवायला मामा तरी समोर असावा, एवढ्यासाठी डॉड इमरी जगतो आहे.